शुक्रवार पेठेतला बंब आणि जागतिक करार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या सरांचे. आईवडिलांनी वाढवलं ते वेगळं, त्याला कोणी उपकार म्हणत नाही. पण श्रीपूरकडच्या साखर कारखान्याच्या वस्तीत वाढलेल्या पोराला बार्शीच्या शाळेत मुख्याध्यापक असताना हेरायचं, निवृत्त होऊन सोलापूरला घरी परतताना त्यालाही बरोबर आणायचं आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या छोट्या घराची पुढची खोली देऊन बी. ए. करायचं, हे सरांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. सरांचं नाव इथे लिहीत नाही. नाव छापून आलं की ते रागावतात.

राहण्याच्या बदल्यात त्यांनी माझ्याकडे एकच काम दिलं होतं. पहाटे उठून बंब पेटवायचा. तांब्याचा, कमरेएवढा उंच, मधून धुराची नळी, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. त्यात करवंट्या, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, जे मिळेल ते जळायचं. सर त्या पाण्यानं आंघोळ करत, मग पूजा, मग चहा, मग वर्तमानपत्र. या क्रमात कधी बदल झाला नाही. उरलेल्या गरम पाण्यानं मी आंघोळ करून कॉलेजला जायचो. माझ्या पदवीला त्या धुराचा वास आहे, असं मी एकदा काकूंना म्हणालो होतो. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, पदवीलाच काय, तुझ्या लग्नातल्या सदऱ्यालाही होता.

आता मी त्याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून राहतो. ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आई गेल्यावर वडीलही माझ्याकडे राहायला आले. बंब मात्र चालूच होता. मी वेगळं घर केल्यावर सर तो स्वतः पेटवू लागले.

सर तरुणपणापासून एकाच पक्षाचे. सभेत सतरंजी अंथरायलाही माणूस मिळत नव्हता, त्या काळापासून ते त्या पक्षात आहेत. आज तो पक्ष दिल्लीत राज्य करतो, आणि सर अजून सतरंजी झटकूनच तिच्यावर बसतात. हवामानाच्या जागतिक करारांबद्दल त्यांची मतं जुनी आणि पक्की. ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून गिरण्या चालवल्या, तेच आता विमानानं एका ठिकाणी जमतात आणि आपल्याला सांगतात की धूर करू नका. ज्याचं पोटभर जेवण झालंय त्यानं पंगतीत उठून उपासाचं महत्त्व सांगावं, तसं हे आहे, असं सर म्हणत. आपल्या चुलीचं माप परक्या गावच्या सभेत ठरू नये. सुधारणा घरातून वर जावी, वरून घरात येऊ नये. सदऱ्याची कॉलर झिजली की ती उलटी करून शिवून घेणारा आणि तांब्याभर पाणीही वाया न घालवणारा माणूस हे बोलत होता, म्हणून ते ऐकावंसं वाटायचं. मला त्यातलं बरंच आजही पटतं.

सोलापूरचं ऊन वाढलंय, हे सर नाकारत नसत. एकदा मी विचारलंच तर म्हणाले, "ऊन वाढलंय यात वाद नाही. ते कमी करायचा ठेका कुणाला द्यायचा, एवढाच वाद आहे."

वाद घालायला हक्काचा माणूस होता. तो म्हणजे बंद पडलेल्या कापड गिरणीतले जुने जॉबर. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. सगळे सरांना सर म्हणायचे, हे मुद्दाम मास्तर म्हणायचे. पक्ष विरुद्ध, मत विरुद्ध. जागतिक करार झालाच पाहिजे, धूर बंद झालाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं ते रोज पहाटे सरांच्या अंगणात उभं राहून मांडायचे, कारण त्यांचे गुडघे धरलेले होते आणि शेकायला ते सरांच्या बंबातलं बादलीभर गरम पाणी न्यायचे. बादली भरेपर्यंत धुराचे तोटे सांगायचे आणि भरलेली बादली घेऊन घरी जायचे. सरांनी त्यांना पाणी कधी नाकारलं नाही आणि मुद्दा कधी मान्य केला नाही.

मग परदेशात हवामानावर मोठी परिषद झाली आणि आमच्या सरकारनं, म्हणजे सरांच्या पक्षाच्या सरकारनं, जागतिक करारानुसार धूर कमी करायचं वचन दिलं. सकाळी जॉबर बादलीऐवजी वर्तमानपत्र घेऊन आले. अंगणात मी होतो, आणखी दोघे होते. जॉबरांनी पेपर सरांच्या पुढे धरला.

"मास्तर, आता बोला की. पक्ष सोडता का बंब?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घातली आणि जॉबरांना परत दिली. तेव्हापासून मला एकच काळजी लागली. या माणसाला या वयात दोन्हींपैकी एक सोडावं लागू नये.

सरांनी स्वतःच तोडगा काढला आणि तो अगदी त्यांच्यासारखा होता. आमच्या गल्लीत एक नोंदणीकृत वाचनालय आहे. सर त्याचे अध्यक्ष, मी चिटणीस. वाचनालयाची घटना सरांनी स्वतः लिहिलेली आहे आणि ती देशाच्या घटनेपेक्षा जरा कडक आहे. दसऱ्यानंतरच्या वार्षिक सभेत दोन भागांचा ठराव आणायचं सरांनी ठरवलं. पहिल्या भागात जगात देशाची बाजू मांडल्याबद्दल सरकारचं अभिनंदन. दुसऱ्या भागात, हे वाचनालय मात्र करारास मान्यता देत नाही, सरकारनं फेरविचार करावा, अशी नम्र विनंती. त्यामुळे पक्षही राहत होता आणि बंबही. मी म्हणालो, गल्लीच्या वाचनालयाला जागतिक करार नाकारता येतो का? सर म्हणाले, नाकारता येत नसेल तर स्वीकारताही येत नाही, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते एका सवयीमुळे. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही सवय सांगावी लागणार नाही. मोठा मांडव, हजारो सभासद, आणि व्यासपीठावरून विषय वाचला जातो. विषय अर्धा वाचून होतो न होतो तोच मांडवातून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो. विषय काय होता हे घरी जाताना एकमेकांना विचारायचं असतं. माझे वडील आयुष्यभर अशा सभांना गेले. आमच्या वाचनालयाचे निम्मे सभासद तसेच, श्रीपूरकडून निवृत्त होऊन मुलांकडे राहायला आलेले. वडिलांना वाचता येत नाही. ते वाचनालयात येतात ते सरांशेजारी बसायला मिळतं म्हणून.

सभा सुरू झाली. मागचं इतिवृत्त झालं, पंख्याच्या दुरुस्तीचा विषय झाला. मग सर उभे राहिले आणि शांतपणे वाचू लागले. "विषय क्रमांक चार. जागतिक हवामान करारास मान्यता देणे..." पुढे "अथवा न देणे, याबाबत विचार करणे" असं होतं. पण मध्येच सरांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसू लागले.

"मंजूर," माझे वडील म्हणाले.

आणि मग सगळी श्रीपूरकडची मंडळी एका आवाजात मंजूर, मंजूर म्हणाली. टाळ्या झाल्या.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सभेकडे पाहिलं. मग नियमाप्रमाणे विचारलं, सूचक कोण? वडिलांनी अभिमानानं हात वर केला. अनुमोदक म्हणून तिघांनी केला. मागच्या बाकावर जॉबर भिंतीला टेकून डोळे पुसत होते, हसून हसून.

मी घाईनं म्हणालो की वाचन पूर्ण झालेलं नाही, विषय पुन्हा वाचू. सरांनी मला खाली बसायची खूण केली. सभेनं कौल दिला आहे, ते म्हणाले. मंजूर झालेला ठराव पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पुन्हा चर्चेला घेता येत नाही, हे कलम मीच घातलं आहे, आणि माझ्या सोयीसाठी ते मोडायचं असेल तर मग घातलं कशाला? पुढे चहा आणि चिवडा होता. वडिलांनी दोनदा चिवडा घेतला. सरांचं काम झालं म्हणून ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत धूर नव्हता. मी गेलो तर सरांनी बंब रिकामा करून, चिंचेनं घासून, अंगणात पालथा घातला होता. वाचनालयानं करार मान्य केला म्हणजे आधी अध्यक्षानं पाळायला हवा. काकू म्हणाल्या गॅसवर पाणी ठेवते. सर म्हणाले, गॅस करारातच येतो. मी विजेचा हीटर आणून देतो म्हणालो. ते म्हणाले, राज्यशास्त्र शिकवतोस आणि वीज कशावर होते माहीत नाही? कोळशावर. करार पाळायचा तर पूर्ण पाळायचा. सरांना करार मुळीच मान्य नव्हता, म्हणून तो पाळण्यात त्यांनी जराही सूट घेतली नाही. ज्यांना तो मान्य असतो ते इतकं मनावर घेत नाहीत.

शेवटी ऊन उरलं. सोलापुरात त्याला तोटा नाही. सरांनी पत्र्यावर एक लोखंडी ड्रम काळा रंगवून ठेवला. पण थंडीच्या दिवसांत ड्रमातलं पाणी आंघोळीजोगं व्हायला दुपार उजाडायची. आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय अन्न नाही. म्हणजे सरांची आंघोळ दुपारी, पूजा त्यानंतर आणि जेवण चहाच्या वेळेला. सर काकूंना रोज सांगायचे की तू जेवून घे. काकू रोज हो म्हणायच्या आणि थांबायच्या. त्यांची मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली आहे. मी रागावलो तर त्यांनी मला भाकरीच्या टोपलीशेजारी बसवून सांगितलं, "करार सगळ्या जगाचा आणि उपास माझ्या एकटीचा. तुझ्या वडलांना सांग, तो एक शब्द परत घ्या म्हणावं."

वडिलांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांना गल्लीतून कळलं होतं. ते वाचनालयात जायचे थांबले. घरात खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका संध्याकाळी मी जवळ बसलो तर म्हणाले, "म्या सरांचं वाईट केलं व्हय रं? मला वाटलं, सर वाचत्यात म्हंजी चांगलंच आसणार की." माझ्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. सर जे जे म्हणाले ते न ऐकता मंजूर केलं होतं. म्हणून तर मी शिकलो.

अशात ही बातमी पक्षाच्या शहर कार्यालयात पोचली. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. इच्छुकांना असं काही तरी हवंच होतं. एका सकाळी पोरं आली आणि समोरच्या गच्चीवर बांबू बांधून गल्लीच्या रुंदीचा फ्लेक्स लावून गेली. वर दिल्लीतले मोठे नेते, त्याखाली मुंबईतले, त्याखाली इच्छुकांच्या रांगा, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेले आमचे सर, निरोप समारंभातल्या फोटोतून कापून घेतलेले. जागतिक हवामान करार लागू करणारी देशातील पहिली गल्ली, हार्दिक अभिनंदन. ज्या माणसाला हा करार कधीच पटला नाही, त्याचं अभिनंदन त्याच्याच पक्षानं केलं होतं. सर दारात उभं राहून तो बराच वेळ वाचत राहिले. मग एवढंच म्हणाले की छपाई चांगली आहे.

छपाईपेक्षा मोठी अडचण उंचीची होती. फ्लेक्सची सावली सकाळपासून पत्र्यावरच्या ड्रमावर पडू लागली. पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या तीनमजली इमारतीची सावली आधीच होती. दुपारी पाणी हातात घेतलं तर नुकतं विहिरीतून काढल्यासारखं. मी फ्लेक्स बाजूला सरकवतो म्हणालो. सर म्हणाले की पक्षाच्या फलकाला आपण हात लावायचा नाही, त्यावर नेत्यांचे फोटो आहेत. फ्लेक्स लावणाऱ्यांना फोन केला. ते निवडणूक होईपर्यंत येणार नव्हते. सरांनी थंड पाण्यानं आंघोळ सुरू केली. खोकला सुरू झाला.

या सगळ्यात ज्याचे गुडघे सगळ्यात जास्त दुखले, तो माणूस एका संध्याकाळी वाचनालयात उभा राहिला. जॉबर. मी स्वतः ऐकलं नसतं तर खरं वाटलं नसतं.

"दोनशे वर्षं त्यांनी कोळसा जाळला, आन् थंड पाणी आमच्या गल्लीनं घ्यायचं व्हय? आधी त्यांना थांबवा की मास्तर. आमच्या बंबानं कुणाचं ऊन वाढलं?"

"आपण शब्द दिला आहे," सर म्हणाले.

"शब्द तुमच्या पक्षानं दिला."

"सभेनं दिला. त्या सभेत तुम्ही होता."

"म्या हसत होतो की."

"हसणं म्हणजे विरोध नव्हे. विरोध नोंदवावा लागतो."

जॉबर खाली बसले. ही दोन माणसं एकमेकांची भाषणं म्हणत होती आणि दोघंही मनापासून बोलत होते. कोणाला हसू आलं नाही.

त्या आठवड्यात मी कॉलेजच्या शिक्षक खोलीत बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, तो जागतिक करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. इंग्रजी अवघड होतं, वाक्यं लांब होती. लाज वाटली ती याची की त्याच्यावर इतकी वर्षं आम्ही बोलत होतो आणि वाचनालयात कोणी तो उघडून पाहिला नव्हता. वाचता वाचता एका जागी थांबलो, मागे गेलो, पुन्हा वाचलं. मग घरी येऊन वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग हे सरांना सांगायला कधी जायचं? मी म्हणालो, सांगून चालणार नाही. शाळेत असताना पोट दुखलं तरी सर म्हणायचे, लेखी दे. म्हणून पत्र लिहिलं आणि संध्याकाळी काकूंच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वडिलांच्या मागोमाग सरांच्या गल्लीत शिरलो तेव्हा बंब अंगणात सुलटा ठेवलेला होता. सर मफलर गुंडाळून पाटावर बसले होते. वडिलांनी टरफलं भरली, काडी ओढली. नेत्यांच्या फोटोंवरून धूर सरळ वर गेला. थोड्या वेळानं कोपऱ्यावरून जॉबर आले, हातात बादली. धुराचे तोटे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सांगितले. ते पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप सरांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वाचनालयाचा चिटणीस म्हणून आपल्याला हे लेखी कळवतो. आपल्या सभेनं मान्य केलेला करार मी पूर्ण वाचला. ठराव फिरवावा असं मी म्हणत नाही. आपल्या कलमाप्रमाणे तो फिरवता येत नाही आणि फिरवूही नये.

परंतु त्या करारातच असं आहे की कोणी किती धूर कमी करायचा हे बाहेरचा कोणी ठरवत नाही. ज्या त्या देशानं आपली ऐपत, आपली गरज पाहून आपलं माप आपण ठरवायचं, ते लिहून कळवायचं आणि दिलेला शब्द पाळायचा. सर, आपण इतकी वर्षं हेच म्हणत होता. चुलीचं माप घरात ठरावं. आपण ज्याला विरोध केला त्याच्या पोटात आपलं म्हणणं होतं. आपलं सरकार तिथे याच गोष्टीसाठी भांडलं असेल, असं मला वाटतं. तसं असेल तर आपल्याला पक्षही सोडायला नको.

तेव्हा ठरावाची अंमलबजावणी म्हणून गल्लीनं आपलं माप ठरवावं, अशी विनंती आहे. माझी सूचना अशी. सरांच्या घरी रोज एक बंब. लाकूड नाही, फक्त टरफलं आणि करवंट्या, ज्या नाहीतर उकिरड्यावर जळतातच. त्यातलं एक बादली पाणी जॉबरांना. काकूंचं जेवण वेळेवर. हे माप अध्यक्ष म्हणून आपण ठरवू शकता, त्याला सभा लागत नाही. मी घटना तपासली आहे.

आता चिटणीस म्हणून नाही, आपला विद्यार्थी म्हणून लिहितो. मी पदवीधर झालो त्याचं श्रेय लोक पुस्तकांना देतात. मला आठवतो तो पहाटेचा विस्तव. आपण मला कधी अभ्यासाला उठवलं नाही. बंबासाठी उठवलंत, आणि उठलोच आहे तर वाचावं असं मला वाटायचं. ते आपल्याला ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं. तो बंब माझ्या वडिलांच्या तोंडून विझावा, हे त्यांना सहन होत नाही. ते जेवतात, पण बोलत नाहीत.

उद्या पहाटे ते टरफलांचं पोतं घेऊन आपल्या दारात येतील. त्यांना आत घ्यावं आणि बंब त्यांच्या हातानं पेटवू द्यावा. आपण काय म्हणाल ते ऐकून घेऊन मगच उत्तर द्यायचं, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी ते मान्य केलं आहे, पण माझं वाक्य संपायच्या आधीच.

आपला आज्ञाधारक